गांजाने मनातली धास्ती जाते का?

‘अपघात, पूर किंवा मारहाणीनंतर बसलेली धास्ती भांग-गांजाने मुळापासून जाते, झाडपाल्याचंच औषध, अपाय नाही.’ बेळगाव, खानापूर, निपाणी भागात असं सांगणारे बरेच भेटतात.

सुरुवातीला आराम वाटतो, हे खरं. म्हणूनच विश्वास बसतो. पण त्यातला टीएचसी हा नशा आणणारा घटक जास्त झाला की धडधड, भीती, संशय उलट वाढतात. खाल्लेल्या भांगेचा अंमल चढायला अर्धा ते दोन तास लागतात. तेवढ्यात ‘काहीच होईना’ म्हणून दुसरी गोळी घेतली जाते, आणि तिथेच घात होतो. रोज घेऊन अचानक थांबवलं की झोप उडते, वाईट स्वप्नं परततात. तो मूळ त्रास समजून माणूस पुन्हा सुरू करतो.

पडताळायचं असेल तर ‘विजया’ (भांगेचं आयुर्वेदातलं नाव) लिहिलेल्या औषधाच्या बाटलीवर दर मिलिलिटरला टीएचसी किती मिलिग्रॅम ते शोधा. आकडा नसेल तर मात्रा ठरवताच येत नाही. गांजा बाळगणं तर १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हाच आहे.

भक्कम पुरावा आहे तो आघातावरच्या खास समुपदेशनाचा आणि सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांचा. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. १४४१६ हा मानसिक त्रासात मदत करणारा सरकारी फोन नंबर चोवीस तास मोफत आहे. आधीपासून गांजा घेत असाल तर किती, कधीपासून, हे डॉक्टरांना न लाजता सांगा, कारण औषध ठरवताना त्याचा विचार करावा लागतो.