पार्श्वभूमी : ‘साउन’ला नववर्ष कुणी केलं?

ऑक्टोबर संपत आला की आपल्याकडे कुणीतरी हॅलोविनला ‘पाश्चात्त्यांची सर्वपित्री’ म्हणून मोकळं होतं. हॅलोविनचं मूळ ज्या आयरिश सणात शोधतात, त्याचं नाव मराठीत ‘सॅमहेन’ असं छापलं जातं. आयर्लंडमध्ये तो शब्द ‘साउन’सारखा ऐकू येतो, आणि नोव्हेंबर महिन्यालाही तिथे हेच नाव आहे.

मध्ययुगीन आयरिश कथांतून एवढं नक्की दिसतं की वर्षाचे दोन भाग मानले जात, उन्हाळा आणि हिवाळा, आणि हिवाळा साउनला लागे. उन्हाळी कुरणांवरची गुरं खाली यायची, आयर्लंडच्या राजसत्तेचं जुनं ठिकाण असलेल्या टाराच्या टेकडीवर राजे जमायचे, मेजवान्या झडायच्या. टेकड्यांच्या पोटातली दारं उघडून अद्भुत लोक बाहेर पडत तेही याच रात्री. दिवस सूर्यास्ताला सुरू होई, म्हणून १ नोव्हेंबरचा सण ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीच लागे. पितरांचा सण असल्याचा ठोस पुरावा मात्र या जुन्या कथांत मिळत नाही.

खरा गुंता ‘केल्टिक नववर्ष’ या बिरुदाचा. (केल्ट म्हणजे आयरिश, वेल्श, जुनी गॉलिश अशा एकमेकींच्या नात्यातल्या भाषा बोलणारे लोक.) आज कुठलंही पान उघडा, साउन म्हणजे केल्टांचं नवं वर्ष, हे पहिल्याच ओळीत. आयरिश कथांत असं कुठेही म्हटलेलं नाही. ही कल्पना मांडली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या एका वेल्श भाषापंडिताने. त्याचा भर होता आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यामधल्या मॅन बेटावरच्या रिवाजांवर : तिथे १२ नोव्हेंबरला, म्हणजे जुन्या पंचांगाच्या साउनला, जमिनीचे खंड चुकते होत, गडी नव्याने ठरत, आणि त्या सुमारास पोरं दारोदार नववर्षाचं गाणं म्हणत. गाण्याचं सोडा, पण खंड चुकवण्याच्या दिवसावरून धर्माचं पंचांग मांडायचं, तर आपला ३१ मार्चही सणच म्हणायला हवा!

पुढे १८९७ मध्ये पूर्व फ्रान्समधल्या कोलिनी गावाजवळ एका कांस्यपत्राचे तुकडे सापडले. ते होतं दुसऱ्या शतकातलं गॉल लोकांचं, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या केल्टांचं पंचांग, आणि त्यातला पहिला महिना ‘सामोनिओस’, ‘सॅमहेन’शी जुळणाऱ्या नावाचा. झालं, पुरावा मिळाला असं वाटलं. पण ‘सामो’ म्हणजे उन्हाळा! मग हा महिना उन्हाळ्याचा की उन्हाळा संपल्यानंतरचा? तो मे-जूनच्या सुमाराला धरणारेही आहेत आणि नोव्हेंबरला धरणारेही. मध्ययुगीन आयरिश लेखकांनी साउन या शब्दाची ‘उन्हाळ्याचा अंत’ अशी फोड केली होती. ती कानाला गोड, पण व्युत्पत्ती म्हणून कच्ची आहे. काही अभ्यासक तर उन्हाळा बाजूलाच ठेवून हा शब्द ‘एकत्र जमणे’ या अर्थाच्या धातूकडे नेतात. गॉल आणि आयर्लंड यांच्यात समुद्र आहे आणि कित्येक शतकं आहेत, ही साधी गोष्ट या वादात हरवते.

साउन दडपण्यासाठी चर्चने सर्व संतांचा दिवस १ नोव्हेंबरला आणून सण ‘पळवला’, हा आरोपही तितकाच लोकप्रिय. हा दिवस रोममध्ये आधी १३ मेला होता. १ नोव्हेंबर ही तारीख इ.स. ८०० च्या सुमारास इंग्लंड-जर्मनीकडे दिसते आणि ८३५ मध्ये फ्रँक साम्राज्यात अधिकृत होते. त्याच काळातल्या एका आयरिश संतपंचांगात हा सण २० एप्रिलला आहे. साउन पळवायचा, तर सुरुवात आयर्लंडपासूनच नको का?

आजचा उत्सव मुख्यतः विसाव्या शतकातला. ब्रिटनमध्ये जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर उघडपणे वावरू लागलेल्या ‘पेगन’ गटांनी, म्हणजे ख्रिस्तपूर्व युरोपीय श्रद्धा नव्याने पाळणाऱ्यांनी, त्या दशकात साउनसह आठ सणांचं वर्षचक्र बसवलं. या लोकांना मराठीत ‘मूर्तिपूजक’ म्हणतात. हा मिशनरी भाषांतरांतून रुळलेला शब्द इथे अगदीच गैरलागू. शेकोटी, सफरचंदं आणि गेलेल्यांसाठी रिकामी ठेवलेली खुर्ची यांत मूर्ती असेलच असं नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ७४ हजार जणांनी आपला धर्म ‘पेगन’ असा लिहिला.

तारखेवरूनही त्यांच्यात एकमत नाही. बहुतेक जण ३१ ऑक्टोबर पाळतात. काही जण शरद संपात आणि दक्षिणायनाचा शेवट यांचा मध्य काढून ७ नोव्हेंबरच्या आसपास थांबतात. ऑस्ट्रेलियात हिवाळा मेच्या तोंडावर येतो, म्हणून तिथले अनेक जण शेकोटी ३० एप्रिललाच पेटवतात, आणि ऑक्टोबरअखेर दुकानांत भोपळे लागतात तेव्हा त्यांचा उन्हाळ्याचा सण चालू असतो.