राउटिंगचे नियम कोडमध्ये कसे आले, थोडी पार्श्वभूमी

आज वेबसाइट बनवायचं कुठलंही फ्रेमवर्क (तयार सांगाडा) घ्या, राउट्सची, म्हणजे कुठल्या पत्त्याला कुठला कोड चालवायचा या नियमांची, एक फाइल असते नाहीतर फंक्शनच्या डोक्यावरच पाथ (यूआरएलमधला साइटच्या नावापुढचा भाग) लिहिलेला असतो. सुरुवातीच्या वेबवर हा प्रकारच नव्हता, यूआरएलमधला पाथ म्हणजे साधारण सर्व्हरच्या डिस्कवरचा पाथ, फोल्डरमधली फाइल उचलायची आणि पाठवायची. 1993 च्या सुमारास सीजीआय, म्हणजे सर्व्हरने प्रोग्राम चालवून पेज बनवायची पद्धत, आलं तरी पत्ता प्रोग्रामच्या फाइलचाच राहिला, म्हणून सीजीआय-बिन आणि पुढे प्रश्नचिन्ह लावून आयडी असले लांबलचक पत्ते दिसायचे. आता अशी साइट पर्लमधून पीएचपीत नेली की एक्स्टेन्शन बदललं, आणि लोकांनी जपून ठेवलेल्या सगळ्या लिंक मेल्या. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1998 मध्ये हेच कळकळीने लिहिलं होतं की पत्ते बदलू नका, एक्स्टेन्शन त्यात ठेवूच नका. माझ्या मते राउटिंगची खरी गरज इथे आहे, यूआरएल सुंदर दिसणं हा नंतरचा फायदा.

यावरचा उपाय तोवर आलेला होता. राल्फ एंगेलशाल यांनी 1996 मध्ये अपाचे या वेब सर्व्हरसाठी मॉड-रीराइट हे यूआरएल बदलून देणारं मॉड्यूल लिहिलं आणि 1997 मध्ये ते अपाचे ग्रुपला देऊन टाकलं. रेगेक्स (मजकूर जुळवायचे नमुने) लिहायचे, नियम वरून खाली क्रमाने तपासले जाणार. ताकद प्रचंड, पण नियम सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये आणि अ‍ॅप्लिकेशनला त्यांची खबरच नाही, म्हणजे आत येणारी यूआरएल बदलता यायची पण पेजवर लिंक छापताना ती हातानेच लिहावी लागायची आणि नियम बदलला की पेजचे सगळे साचे (टेम्प्लेट) शोधत बसायचं.

2004 मध्ये रूबीचं रेल्स आणि 2005 मध्ये पायथनचं जँगो ही फ्रेमवर्क बाहेर आली, आणि नियम अ‍ॅपच्या कोडमध्ये शिरले. यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे राउटला नाव देता येणं, कारण मग त्या नावावरून लिंक फ्रेमवर्कच बनवून देतं, पाथ एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. पुढे 2007 च्या रेल्स 1.2 मध्ये रेस्टच्या (प्रत्येक गोष्टीला पत्ता आणि तिच्यावर ठराविक क्रिया, या पद्धतीच्या) धर्तीवर एका ओळीत यादी, नवीन, बदल, काढणे अशा सात अ‍ॅक्शनचे राउट मिळायला लागले. सिनात्रा, फ्लास्क या छोट्या फ्रेमवर्कनी पाथ थेट हँडलरला, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या फंक्शनला, चिकटवला. जँगोमध्ये मात्र रेगेक्स बराच काळ टिकले, साधी पाथ पद्धत 2017 च्या 2.0 मध्ये आली.

क्रमाचा प्रश्न मात्र अजून आहे. रेल्स, जँगो आणि जावास्क्रिप्टचं एक्सप्रेस, तिन्हीकडे वरून खाली बघतात, म्हणून ढोबळ नियम वर ठेवला की खालचा नेमका नियम कधी चालतच नाही. फ्लास्क ज्या लायब्ररीवर उभं आहे ते वर्कझॉइग नियमांची क्रमवारी स्वतःच लावतं. गो भाषेने 2024 च्या 1.22 मध्ये तर स्टँडर्ड लायब्ररीतच जास्त नेमका पॅटर्न जिंकेल असं ठरवलं, आणि दोन पॅटर्न एकमेकांत अडकत असतील, म्हणजे कुठला जास्त नेमका हे ठरतच नसेल, तर रजिस्टर करतानाच पॅनिक होतं, म्हणजे प्रोग्राम तिथेच एरर देऊन थांबतो, रिक्वेस्ट येईपर्यंत थांबावं लागत नाही.