गेलिमेर रडत बसला नसता तर?

१३ सप्टेंबर ५३३. कार्थेजपासून दहा मैलांवर, म्हणजे आजच्या ट्युनिसच्या जवळ, उत्तर आफ्रिकेवर राज्य करणाऱ्या व्हँडल या जर्मेनिक लोकांचा राजा गेलिमेर लढाई जवळजवळ जिंकला होता. बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) सेनापती बेलिसॅरियसच्या फौजेचे पुढचे घोडेस्वार पळत सुटले होते, फक्त पाठलाग करायचा बाकी होता. तेवढ्यात त्याला मैदानात आपल्या भावाचं, अम्माटासचं प्रेत दिसलं आणि हा गडी तिथेच थांबला, रडला, अंत्यविधीच्या तयारीला लागला. तोवर बेलिसॅरियसने फौज गोळा करून उलटा हल्ला केला. हे लिहून ठेवणारा प्रोकोपियस त्या मोहिमेत स्वतः होता आणि हातातला विजय माणूस असा कसा काय देऊन टाकतो हे त्यालाही कळलं नव्हतं. पुढच्या वर्षी व्हँडल राज्य संपलं, आणि काही पिढ्यांत त्यांची भाषाही.

आता समजा, गेलिमेर थांबला नाही. तर मग उत्तर आफ्रिकेत आज एक जर्मेनिक भाषा, म्हणजे इंग्लिश-जर्मनची चुलत बहीण, बोलली जात असती. कशी असती ती? काल्पनिक भाषा बनवणाऱ्या लोकांचा हा लाडका खेळ आहे आणि मीही त्यातलाच एक. लोकांना वाटतं हे बसून मनाला येतील ते शब्द पाडतात, पण तसं अजिबात नाही. मोकळीक एकदाच मिळते, इतिहास कुठे वळवायचा ते ठरवताना. त्यानंतर ध्वनिबदलाचे नियम सांगतील तसं गपगुमान जायचं.

नियम म्हणजे कसले? १८२२ मध्ये याकोब ग्रिमने (हो, परीकथावाल्या भावांपैकीच एक) दाखवून दिलं की जर्मेनिक भाषांमध्ये जुने ध्वनी ठरावीक पद्धतीने सरकलेत. आपल्या संस्कृतमध्ये जुना ध्वनी टिकलाय म्हणून आपल्याला हे लगेच पटतं: पाद तिकडे फुट, त्रि तिकडे थ्री, दश तिकडे टेन. एखादा शब्द नाही, अख्खी रांगच सरकते.

व्हँडल भाषेत लिहिलेलं पुस्तक एकही उरलेलं नाही. उरलीयेत बरीचशी माणसांची नावं, आणि एक वैतागलेला कवी. आफ्रिकेतल्या एका लॅटिन कवितेत तो कुरकुरतो की या लोकांच्या ‘एइल्स’ आणि ‘स्कापिआ मात्सिआ या द्रिंकन’च्या गलक्यात धड कविता म्हणायची कुणाची टाप नाही. म्हणजे साधारण ‘जय हो, खायला-प्यायला आणा’. तो त्या बोलीला गॉथिक, म्हणजे गॉथ या दुसऱ्या जर्मेनिक लोकांची भाषा, म्हणतो, पण प्रोकोपियसही सांगतो की गॉथ आणि व्हँडल यांची भाषा एकच, त्यामुळे अभ्यासक ही ओळ बहुतेक व्हँडलच धरतात. पार्टीत आरडाओरडा केला म्हणून भाषा शिल्लक राहिली, बघा!

या एका ओळीतून किती मिळतं ते बघा. गॉथिकमध्ये ‘हैल्स’ असतं, इथे ‘एइल्स’ आहे, म्हणजे ‘ह’ गळला आणि ‘ऐ’चा ‘एइ’ झाला. गॉथिकमध्ये खाण्याला ‘मात्यन’, इथे ‘मात्सिआ’, म्हणजे ‘त्य’चा ‘त्स’ झाला, आणि त्या काळच्या लॅटिनमध्येही हेच चालू होतं. हा ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चाक’मधला च, ‘चार’मधला नव्हे. इंग्लिशवाल्यांना शब्दाच्या सुरुवातीला हा च म्हणताना घाम फुटतो, आपल्याला फुकटात येतो.

बाकी शब्दांसाठी गॉथिकचा आधार घ्यायचा, कारण चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबलचं गॉथिक भाषांतर केलं आणि त्याची जांभळ्या चामड्यावर चांदी-सोन्याच्या शाईने लिहिलेली एक प्रत स्वीडनमध्ये उप्सालाला आहे, ३३६ पैकी १८८ पानं टिकलीयेत त्याची. तिथला ‘हांदुस’ म्हणजे हात. ह गेला, शेवटचा स मी गाळला, झालं ‘आंदु’. शंभराला ‘हुंद’, त्याचं ‘उंद’. पावाला ‘ह्लैफ्स’, त्याचं आधी ‘लेइफ्स’ आणि पुढे ‘लेफ’. पाव मी मुद्दाम घेतला. हरल्यावर गेलिमेर डोंगरात वेढ्यात अडकला होता तेव्हा त्याने शत्रूकडे तीनच गोष्टी मागितल्या असं प्रोकोपियस सांगतो: एक पाव, सुजलेल्या डोळ्यासाठी स्पंज, आणि आपल्या दुर्दैवाचं गाणं म्हणायला तंतुवाद्य.

शेजाऱ्यांचंही बघावं लागतं. संत ऑगस्टीन, जो ४३० मध्ये व्हँडलांचा वेढा पडलेला असताना हिप्पो शहरात वारला, त्याने लिहून ठेवलंय की आफ्रिकन कानांना ह्रस्व-दीर्घ कळत नाही, लॅटिनमध्ये ‘ओस’ म्हटलं की हाड की तोंड हा घोळ. (शाळेत शुद्धलेखनात मार्क घालवलेल्यांना हे जवळचं वाटेल.) म्हणून माझ्या व्हँडलमध्येही ह्रस्व-दीर्घ मी काढूनच टाकलं.

आणि मग अरब येणारच, तेवढा इतिहास मी बदललेला नाही. उसने शब्द किती घ्यायचे? इथे एक खरा नमुना हाताशी आहे. १५६० च्या सुमारास इस्तंबूलमध्ये बुसबेक नावाच्या फ्लेमिश राजदूताला क्रिमियातली दोन माणसं भेटली. त्यातला मूळचा गॉथ वाटणारा आपली भाषा विसरला होता, आणि शब्द सांगायला होता तो दुसरा, जन्माने ग्रीक. बुसबेकने क्रिमियातल्या गॉथांच्या या भाषेतले ऐंशीच्या आसपास शब्द टिपले. हात ‘हांदा’, भाऊ ‘ब्रुडेर’, सगळं घरचं. पण शंभर ‘सादा’ आणि हजार चक्क ‘हाझेर’! आपल्याकडे फारसीतून आलेला तोच हजार, तिकडे क्रिमियातल्या गॉथांच्या तोंडी. म्हणजे हात-भाऊ घरचे राहतात, मोठे आकडे बाजारातून येतात.

मग माझ्या व्हँडलांनी हजाराला अरबी ‘अल्फ’ घ्यायला हरकत नव्हती. घेतलाही. पण गॉथिकच्या वळणाने अकरा होतात ‘एन्लिफ’, घासून घासून ‘एलिफ’, आणि बाजारात अल्फ खजूर मागितले की एलिफ, यावर रोज मारामारी. असं झालं की भाषा दोनपैकी एक शब्द टाकून देते. म्हणून माझे व्हँडल अकरा म्हणतच नाहीत, ‘दहावर एक’ म्हणतात.