किडनी पॅलिएटिव्ह ओपीडी (ग्रामीण विदर्भ)

किडन्या पार निकामी झाल्या, म्हणजे जीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचं माप) १५ च्या खाली गेला, अशा पेशंटला भरती न करता तपासून, त्याचा त्रास कमी करून घरी पाठवायची ही सेवा. मराठीत परिहार सेवा म्हणतात पण गावात हा शब्द कोणी बोलत नाही. डायलिसिस चालू असतानाही ही घेता येते आणि डायलिसिस नको म्हणणाऱ्यालाही, हे आधी सांगतो, कारण "तिकडं पाठवलं म्हणजे डॉक्टरनं हात टेकले" हा समज आपल्याकडे लय पक्का आहे आणि तो चुकीचा आहे.

डायलिसिस, गावच्या भाषेत रक्त धुणं, साधारण आठवड्यातून ३ वेळा आणि दर वेळी ४ तास. २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयात गरिबाला ते फुकट मिळतं, पण गडचिरोली-यवतमाळच्या आतल्या गावातून पहाटेची एसटी, सोबत एक माणूस, त्याची बुडालेली मजुरी हे सगळं घरच्यांनाच सोसावं लागतं. त्यात वय पंचाहत्तरच्या पुढं आणि हार्टही कमजोर असेल तर डायलिसिसनं आयुष्य फारसं वाढेलच असं नाही, मग काही बुढी माणसं विचार करून नको म्हणतात.

सगळ्यात जास्त छळते ती खाज. रात्रभर झोप नाही, पाठ बाजेच्या दोरीवर घासून घासून सोललेली, आणि घरचे समजतात गजकर्ण आहे म्हणून मलम लावत बसतात. नखं कापा, गरम पाण्यानं अंघोळ नको, अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा, आणि डॉक्टर गॅबापेन्टिन (नसांच्या दुखण्यावरचं, खाजेवरही चालणारं औषध) अगदी कमी डोसमध्ये देतात, त्यानं बऱ्याच जणांना झोप लागते.

दुखण्यावर मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणू नका, उरलीसुरली किडनी जाते. मॉर्फिन या जोरदार दुखणं-मारक औषधाचे अंश अशा किडनीतून निघत नाहीत, साचतात, म्हणून त्याच जातीच्या फेन्टानिलचा पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी) बरा पडतो. दम लागला तर डोकं उंच करून टेबलफॅन तोंडावर धरायचा, यानंही आराम पडतो.

खाण्याचं पथ्य इथं जरा सैल होतं. संत्र्यात पोटॅशियम (किडनी बंद पडली की रक्तात साचणारा क्षार) असतं म्हणून डायलिसिसवाल्याला सहसा मनाई, पण शेवटच्या दिवसात दोन फोडी मागितल्या तर बहुतेक डॉक्टर देऊ देतात.

डायलिसिस पूर्ण बंद केल्यावर बहुतेक वेळा एक-दोन आठवडे हाती असतात, म्हणून कुठं राहायचं, रात्री दम लागला तर कोणती गोळी द्यायची, फोन कोणाला करायचा हे आधीच फाईलवर लिहून घेतात. पेशंटला एसटीत बसवत नसेल तर घरचं माणूस फाईल घेऊन आलं तरी बऱ्याच ठिकाणी चालतं.