पँडो (अ‍ॅस्पेन वन)

पँडो हे अमेरिकेच्या युटा राज्यात, फिशलेक राष्ट्रीय वनातील फिश सरोवराजवळचे अ‍ॅस्पेन (पॉप्युलस ट्रेम्युलॉइडिस) वृक्षांचे वन आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० मीटर, क्षेत्र सुमारे ४३ हेक्टर. त्यावर ४७,००० च्या आसपास खोडे उभी आहेत, पण झाड एकच. सगळी खोडे एकाच मुळांच्या जाळ्यातून वर आलेले फुटवे आहेत आणि सगळी नर आहेत. या एका झाडाचे वजन सुमारे ६,००० टन धरतात. नाव लॅटिन, अर्थ ‘मी पसरतो’.

अ‍ॅस्पेन हे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या कुळातले झाड. पानाचा देठ चपटा आणि पात्याला काटकोनात असल्यामुळे पान वाऱ्याच्या झुळकीनेही पिंपळपानासारखे थरथरते. साल पांढुरकी. हात फिरवला तर तळव्याला पांढरी भुकटी लागते, नखाने खरवडली तर आत हिरवा थर दिसतो. पाने गळाल्यावरही हा थर थोडेफार अन्न तयार करत राहतो. बियांपासून रोप रुजणे पश्चिम अमेरिकेच्या कोरड्या डोंगरांत दुर्मीळ असते. १९८८ मध्ये अमेरिकेतल्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मोठे वणवे लागले, त्यानंतर तिथे अ‍ॅस्पेनची रोपे मोठ्या संख्येने उगवली, तेव्हा अभ्यासकांना त्याचे नवल वाटले होते. एरवी हे झाड वाढते ते केळीच्या मुनव्यांसारखे, मुळातून.

या फुटव्यांवरच सगळे अवलंबून आहे. उभ्या खोडाच्या शेंड्यातून ऑक्सिन हे संप्रेरक मुळांकडे उतरते आणि तिथले डोळे निजलेले ठेवते. खोड पडले, जळाले किंवा तोडले की हा दाब उठतो आणि जमिनीतून कोंब वर येतात. म्हणून आग किंवा कुऱ्हाड हा या वनाचा शेवट ठरत नाही. कोंब निघतात आणि लगेच खाल्ले जातात, तेव्हा मात्र वन खचते. एकेक खोड साधारण शंभर ते सव्वाशे वर्षे जगते. पँडोतली बहुतेक खोडे त्या वयाला पोचली आहेत आणि त्यांच्या जागी येणारी पिढी मोठ्या भागात दिसत नाही. म्हणून इथे वर सोनेरी पानांकडे पाहून भुलू नये. वन धड आहे की नाही हे गुडघ्याच्या उंचीवर कळते.

बर्टन बार्न्स आणि जेरी केम्परमन या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात पाने आणि सालीच्या साम्यावरून हे एकच झाड असल्याचे ओळखले. मायकेल ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्याला पँडो हे नाव दिले. २००८ मध्ये कॅरन मॉक यांच्या गटाने जनुकीय तपासणीने त्यावर शिक्कामोर्तब केले. वयाचे अंदाज मात्र हजारो वर्षांच्या फरकाने बदलतात, कारण वाढीची वलये मोजायला मूळचे खोड कधीच उरलेले नाही.

आजचा अभ्यास दिसायला साधा, करायला चिकाटीचा आहे. आखलेल्या तुकड्यांत बसून कोंब मोजायचे, उंची घ्यायची, कुरतडलेले शेंडे टिपायचे, लेंड्यांचे ढीग मोजायचे. कोंब दोनेक मीटरच्या वर गेला की शेंडा हरणाच्या तोंडाबाहेर जातो. पॉल रॉजर्स आणि डॅरेन मॅकअ‍ॅव्हॉय यांनी २०१८ मध्ये दाखवले की इथले मुख्य खाणारे म्युल हरीण आहे. गुरेही चरतात, पण वर्षातले थोडेच दिवस.

२०१३ मध्ये एका भागाला उंच कुंपण घातले, आतल्या काही तुकड्यांत जाळणे, झुडपे काढणे, निवडक तोड असे प्रयोगही केले. तिथे कोंब जोमाने वाढले. २०१४ मध्ये दुसरा, मोठा भाग कुंपणात घेतला, पण त्यात जुन्या कुंपणाचा आधार होता आणि हरणे आत शिरत राहिली. तिथे फारसा फरक पडला नाही. बाकीचे जवळपास निम्मे वन उघडेच राहिले. एकाच मुळावरचे झाड अशा रीतीने तीन वेगवेगळ्या वाटांनी चालले आहे. कुंपण हा उपाय खरा, पण तो वेळ काढून देणारा आहे, मुळावरचा नव्हे.

मुळावरचा उपाय अवघड आहे, कारण जमीन संघराज्याच्या वनखात्याची आणि हरणे राज्याच्या वन्यजीव खात्याच्या अखत्यारीत. गुरांचे चराई परवाने वनखाते देते, हरणांची शिकार किती व्हावी हे राज्य ठरवते. हरणांवर वचक ठेवणारे लांडगे आणि अस्वलांची ग्रिझली जात इथून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नाहीशी झाली. शिवाय पँडोच्या हद्दीत छावणीची मैदाने आणि विश्रामघरे आहेत. वस्तीजवळ बंदूक चालत नाही, हे हरणांच्या अंगवळणी पडले आहे, म्हणून ती तिथेच निवांत चरतात.

इतर ठिकाणी दुखणे निराळे असते. शतकभर वणवे विझवत राहिल्याने अनेक अ‍ॅस्पेन वनांत सूचिपर्णी झाडे वरचढ झाली, तिथे ती काढून किंवा नियंत्रित आग लावून कोंबांना ऊन मिळवून देतात. शेजारच्या कोलोरॅडो राज्यात २००२ च्या दुष्काळानंतर मोठ्या क्षेत्रावरची अ‍ॅस्पेनची झाडे वाळली. खोडातून पाणी वर चढणेच तुटले होते, मुळेही मेली होती. अशा वनात जाळणे किंवा तोडणे लागू पडत नाही, कारण फुटवा यायला जिवंत मूळ लागते. त्यामुळे आग लावण्याआधी किंवा तोड करण्याआधी जमीन उकरून मुळे तपासणे हे जाणत्या वनरक्षकाचे पहिले काम असते.