विग भरगच्च दिसतो तो हवेमुळे

इंदूरच्या मराठी घरांत गणपती जवळ आले की मुलांच्या नाटुकल्यांसाठी विग शोधले जातात. राजवाड्याजवळच्या बाजारातून आणलेला स्वस्त विग बहुधा चपटाच निघतो. केस कमी म्हणून तो विरळ दिसतो, असं वाटतं. खरं कारण वेगळं आहे: सरळ, गुळगुळीत तंतू एकमेकांना चिकटून बसतात आणि मधली हवा निघून जाते. ती हवा परत भरणं, एवढंच काम आहे.

खऱ्या केसावर मुळाकडून टोकाकडे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. उलटा कंगवा फिरवला की ते उचकटून एकमेकांत अडकतात, म्हणून बॅककोंबिंग टिकतं. नाटकाचा विग मात्र मोडॅक्रिलिक, पीव्हीसी किंवा पॉलिएस्टर अशा प्लास्टिकच्या तंतूंचा. त्याला खवले नाहीत, त्यामुळे तिथे नुसता गुंता होतो आणि तोही लवकर सुटतो.

पण प्लास्टिकला उष्णता कळते. पीव्हीसी आणि पॉलिएस्टर साधारण ७० ते ८० अंशांना मऊ पडतात. त्या अवस्थेत दिलेला आकार थंड झाल्यावर कायम राहतो. विगच्या टोपीवर केसांच्या पट्ट्या ओळीने शिवलेल्या असतात. वरच्या ओळी बाजूला करून आतल्या ओळींच्या मुळाशी बारीक, घट्ट वेण्या घाला, त्यांवर गरम पाणी सोडा आणि पूर्ण गार होऊन वाळेपर्यंत हात लावू नका. सोडवल्यावर उरलेली नागमोड शेजारच्या केसाला जवळ येऊ देत नाही. वरचा थर तसाच सरळ ठेवा, नाहीतर विग पिंजारलेला दिसेल.

नागमोड मुळाशीच का? एका टोकाला धरलेला तंतू स्वतःच्या वजनाने वाकतो, आणि लांबी दुप्पट झाली की सुरुवातीचा झोल सोळा पट होतो. चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा ताठ उभा राहून वरच्या थराला उचलून धरतो. लांब बट ते करूच शकत नाही.

पाणी उकळतं मात्र ओतू नये. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे, तरी तिथेही पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. तेवढ्या उष्णतेने पीव्हीसी आकसतं. थोडं निवू द्या आणि आधी आतल्या एका बटेवर करून पाहा. केस सरळ करायची इस्त्री १५० अंशांच्या वर जाते, ती साध्या विगला लावूच नका.

टोपीची जाळी दिसत असेल तर दुसऱ्या जुन्या विगच्या पट्ट्या उसवून दोन ओळींच्या मध्ये शिवाव्यात.

भाद्रपदातल्या दमट हवेत खऱ्या केसांचा फुगवटा बसतो, कारण त्यांचा आकार धरणारे केसाच्या आतले नाजूक दुवे, म्हणजे हायड्रोजन बंध, पाण्याने तुटतात. प्लास्टिकची नागमोड टिकते. आगीपासून मात्र जपायला हवं: पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं, आणि बऱ्याच हेअर स्प्रेंमध्ये ज्वलनशील अल्कोहोल असतं. विग घातलेल्या मुलाच्या हातात पेटतं निरांजन देऊ नका. प्रवेशापुरता बॅटरीचा दिवा चालतो.