कोतवाल बुक आणि दाखल-खारीज: आजोबांच्या दोन जन्मतारखांचं काय करायचं?

विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात आजा-पणजाचा माग काढायला बसलं की दोन कागद हमखास समोर येतात. एक म्हणजे तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढलेली कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल आणि दुसरा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा, म्हणजे मुलांची नावं घातल्या-काढल्याच्या वहीचा उतारा. दोन्हींत आजोबांचा जन्म आहे, दोन्हींवर गोल शिक्का आहे, आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. एकात साल १९२१, दुसऱ्यात १९२४. एकात मुलाचं नावच नाही, दुसऱ्यात आहे पण त्या नावानं घरात त्यांना कुणी कधी हाक मारलेली नाही. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो सरकारी कागद खरा, दुसरा म्हणतो शाळेचा दाखला खरा. शाळेचा दाखलाही सरकारीच असतो, पण भांडणात तेवढं कोण बघतं!

मुळात हे कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. कोतवाल बुक म्हणतं, या तारखेला या माणसाच्या घरी मूल जन्मलं. दाखल-खारीज म्हणतं, या तारखेला एका पालकानं मास्तरांपुढे मुलाचं नाव, वय आणि जात अशी सांगितली. पहिलीत घटना होते आणि चार-आठ दिवसांत ती कागदावर चढते. दुसरीत घटनेला सहा-सात वर्षं उलटून गेलेली असतात आणि कागदावर चढते ती आठवण.

कोतवाल बुक कसं भरलं जायचं ते कळलं की त्यातल्या चुकाही ओळखू येतात. इंग्रजी अमदानीतल्या मध्य प्रांतातल्या नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) या भागात गावचा कोतवाल ठरल्या दिवशी पोलीस ठाण्यात जायचा आणि मधल्या दिवसांत गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते सांगायचा. वऱ्हाडात या कामात पोलीस पाटलाचा हात मोठा असे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला तरी दोन्हीकडच्या दप्तराच्या सवयी बऱ्याच काळ निराळ्या राहिल्या. कोतवाल बहुधा महार समाजातला, गाव घरनिहाय ओळखणारा. पण पुष्कळदा तो स्वतः लिहिता नसे, लेखणी दुसऱ्याच कुणाच्या हातात असे. त्यामुळे नावं कानावर पडली तशी उतरतात. एकाच बापाचं नाव एका पानावर ‘लक्ष्मण’, पुढच्यावर ‘लछमन’ आणि तिसऱ्यावर ‘लखमा’ असं सापडलं तर तीन माणसं शोधत बसू नका. नागपूर-भंडाऱ्याकडच्या बुकांत मधूनच हिंदी वाक्यं येतात. वल्द (अमक्याचा मुलगा), जौजे (अमक्याची बायको), बेवा (विधवा) हे शब्द तर दोन्हीकडे, आणि आडनाव बहुतेक ठिकाणी नाहीच. ‘सोमा वल्द गोविंदा, कुणबी’ एवढ्यावर नोंद संपते.

जन्माच्या रकान्यात असतं काय? तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मुलाचं नाव बहुधा नसतं, कारण कोतवाल ठाण्यात जायच्या दिवशी बारसं झालेलंच नसायचं. लोक नेमकं हेच विसरतात. बापाच्या नावासमोर ‘मुलगा’ दिसला की तो आपलाच आजा असं धरून चालतात. त्या बापाला सहा लेकरं झाली असतील तर सहा नोंदी आहेत, आणि त्यातली आपली कोणती हे बुक सांगत नाही.

दुसरी अडचण बाळंतपणाची. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची जुनी रीत. कोतवाल नोंद करायचा ती आपल्या गावात झालेल्या जन्माची. म्हणजे घरातला थोरला मुलगा बापाच्या गावच्या बुकात नसतोच, तो मामाच्या गावच्या बुकात असतो. शाळेत नाव घालताना मात्र जन्मस्थळाच्या रकान्यात मास्तर सहसा शाळेचंच गाव टाकून मोकळे. लोक बापाच्या गावची दहा वर्षांची पानं चाळतात, थोरल्याची नोंद मिळत नाही, आणि मधल्याचीच नोंद थोरल्याच्या गळ्यात बांधतात. पणजीचं माहेर कुठलं हे म्हाताऱ्या आत्याला आधी विचारलं तर अर्धं काम तिथेच उरकतं.

मृत्यूची पानं चाळायचा कंटाळा करू नका. जन्मापेक्षा ती जास्त बोलतात. त्यांत नाव असतं, वय असतं, ताप, पटकी, देवी असं कारणही असतं. आणि त्या काळी लहान लेकरं किती जात ते पानभर दिसतं. मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायचं, किंवा नजर लागू नये म्हणून उकर्डा, कचरू, फकिरा असं नाव ठेवायचं, ही रीत होती. घराण्यात असं नाव दिसलं की आधी एखादं लेकरू गेलं असावं असा तर्क करून मागची पानं उलटावीत. म्हाताऱ्या बायका सांगतात, “मानमोडी आली तवा माहा भाऊ पाळण्यात होता.” ही मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. मध्य प्रांत-वऱ्हाडाला तिचा तडाखा फार मोठा बसला. त्या हिवाळ्यातली पानं वाचताना एक ध्यानात असू द्या, नोंदी करणारेही अंथरुणाला खिळलेले होते. त्या काळातली नोंद सापडली नाही, म्हणून घटनाच घडली नाही असं म्हणता येत नाही.

आता दाखल-खारीज. जुन्या उताऱ्यावर ‘जनपद सभा’ असा शिक्का दिसला तर नकली समजून टाकून देऊ नका. १९४८ च्या कायद्यानं आलेल्या जनपद सभांकडे आपल्याकडच्या प्राथमिक शाळा होत्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. रजिस्टर तेच, मालक बदलला.

या रजिस्टरचं बळ नावात आहे. मुलाचं पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव, जात, जन्मस्थळ, दाखल झाल्याची तारीख, नाव काढल्याची तारीख हे सगळं एका ओळीत मिळतं. आडनाव तर अनेक घराण्यांत पहिल्यांदा कागदावर आलं ते इथेच. दोन भावांपैकी एकाच्या नावापुढे ‘देशमुख’ हा किताब आणि दुसऱ्याच्या पुढे घराण्याचं जुनं आडनाव, असं वऱ्हाडात पुष्कळ दिसतं. ज्या पालकानं नाव घातलं त्यानं जे सांगितलं ते चढलं. घरचा उकर्डा शाळेत उत्तम होतो तोही इथेच.

जन्मतारीख मात्र या रजिस्टरची सगळ्यात कच्ची बाजू आहे. आपल्या घरातल्या जुन्या दाखल्यांवर नजर टाका, १ जुलै आणि १ जून यांचा सुकाळ दिसेल. गावातली निम्मी पोरं एकाच दिवशी जन्मल्यासारखी. शाळा ज्या सुमारास उघडायची ती तारीख टाकायची आणि वय सहा बसेल असं साल मागे मोजायचं, एवढा साधा हिशेब. पालकाला तारीख ठाऊक नसायची, मास्तरांना रकाना रिकामा ठेवता यायचा नाही. न्यायालयांनाही हे ठाऊक आहे. बिरादमल सिंघवी विरुद्ध आनंद पुरोहित या १९८८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख पुरावा म्हणून दाखल होऊ शकते, पण ती कुणी आणि कशाच्या आधारावर सांगितली हे पुढे आल्याशिवाय तिला फारसं वजन नाही. शिवाय मुलगा चौथीनंतर दुसऱ्या गावच्या शाळेत गेला की तिथलं रजिस्टर पहिल्या शाळेच्या दाखल्यावरून उतरवलेलं असतं. उतारा काढायचा तर पहिलीत जिथे नाव घातलं त्या शाळेचा काढा.

आता सुरुवातीचं कोडं घेऊ. समजा कोतवाल बुकात १९२१ साली ‘लक्ष्मण वल्द सोमा, मुलगा’ अशी नोंद आहे आणि शाळेत ‘नामदेव लक्ष्मण, जन्म १ जुलै १९२४’ आहे. जुना कागद खरा म्हणायची सवय असलेला माणूस १९२१ धरेल आणि घरी जाईल. पण पुढची पानं उलटली तर १९२२ च्या मृत्यूंत सापडतं, ‘लक्ष्मणचा मुलगा, वय १ वर्ष, ताप’. म्हणजे १९२१ चं लेकरू गेलं. मग १९२३ आणि १९२४ ची पानं बघायची. गावात काहीच नाही. पणजीच्या माहेरच्या बुकात १९२३ च्या दिवाळीनंतरची एक नोंद आहे, बापाचं नाव तेच, जात तीच, राहणारचं गावही जुळतं. आजोबांचा जन्म हा. शाळेची तारीख आठेक महिन्यांनी चुकली, पण शाळेनं माणूस बरोबर धरला होता. कोतवाल बुकाची तारीख पक्की होती, फक्त ती दुसऱ्याच लेकराची होती. उलटंही घडतं. बुकातला मुलगा जगलेला असतो, मृत्यूच्या पानांत त्याचा पत्ता नसतो, शाळेतलं साल तीन वर्षं पुढे असतं. तिथे कोतवाल बुक धरावं, कारण पोरगं उशिरा शाळेत घातलं आणि वय कमी सांगितलं हे गावोगावी चालायचं.

काही विसंगती मात्र मिटवूच नयेत. दत्तकाचं उदाहरण घ्या. कोतवाल बुकात जन्मदात्या बापाचं नाव आणि शाळेत दत्तक बापाचं, हे दोन्ही खरं आहे. घराण्याच्या झाडात त्या मुलाला दोन फांद्यांवर दाखवावं लागेल. वावराच्या कागदांवर तो दत्तक घरात दिसेल, म्हणून वारस फेरफार, म्हणजे जमिनीच्या दप्तरातली वारसांची नोंद, हा या दोघांच्या जोडीचा तिसरा साक्षीदार बघून घ्यावा. बायकांचं तर सगळंच विखुरलेलं. जन्माच्या नोंदीत नुसतं ‘मुलगी’, लग्नात नाव बदललेलं, मृत्यूच्या नोंदीत ‘जौजे अमका’. पणजीला तीन गावांच्या बुकांतून गोळा करावं लागतं, आणि बहुतेक वंशावळींत ती नसते ती यामुळेच. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्या किंवा भाटाची पोथी पिढ्यांचा क्रम लावायला कामाची, पण तारखांसाठी तिच्यावर विसंबू नये.

जातीच्या रकान्यावरून सध्या फार धावपळ आहे. बहुतेक लोक कोतवाल बुकापर्यंत येतात ते वंशाच्या कुतूहलानं नव्हे, तर जात पडताळणीसाठी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात, आणि स्वातंत्र्यापूर्वीच्या नोंदीला जास्त वजन असतं. यातून एक वाईट सवय लागली आहे. जी नोंद सोयीची, तिच्याभोवती वंशावळ बेतायची आणि प्रतिज्ञापत्रावर उतरवायची. एकदा ती चुकीची वंशावळ एका चुलत भावाच्या फाइलीत गेली की बाकीचे तिचीच नक्कल लावतात, आणि दोन पिढ्यांनी तीच घराण्याची खरी कहाणी ठरते. बुकात ‘कुणबी’ आणि शाळेत ‘तिरळे कुणबी’ असं असेल तर त्यात विरोध काहीच नाही. एकानं जात लिहिली, दुसऱ्यानं पोटजातही. पण पोटजात निराळ्या शाईनं मागाहून जोडलेली दिसली तर तो उतारा बाजूला ठेवावा, कितीही उपयोगाचा वाटला तरी.

१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतरच्या जन्मांसाठी ग्रामपंचायतीचं दप्तर पाहायचं, त्याआधीच्यांसाठी तहसील. जिल्हे फुटले आहेत हेही विसरू नका. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून निघाला, वाशिम १९९८ मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून, आणि जुनं दप्तर कधी मूळ जिल्ह्याकडेच राहिलेलं असतं. काही जिल्ह्यांत पानं स्कॅन झाली आहेत, तिथे आधी संगणकावर बघून मग अर्ज करावा.

नक्कल मागताना एका ओळीची मागू नका. अर्जात गावाचं नाव, साल आणि ‘जन्म व मृत्यूची पूर्ण पानं’ असं लिहा, शक्यतो मागची-पुढची दोन-तीन वर्षं धरून, आणि मामाच्या गावासाठी वेगळा अर्ज टाका. पान हाती आलं की आजोबांच्या ओळीच्या खाली-वर कोण आहे ते वाचा. त्या वर्षी गावात आणखी कुणाच्या घरी लेकरू झालं, ते आज कुणाचे आजोबा, त्यांच्या घरी कुठला दाखला आहे? शेजारच्या घरातला १ जुलै आणि बुकातली तारीख यांच्यात किती अंतर आहे हे दोन-तीन घरांत मोजलं की त्या शाळेचे त्या काळचे मास्तर वय किती पुढे-मागे धरायचे त्याचा अदमास येतो, आणि तो आपल्या आजोबांच्या तारखेलाही लावून बघता येतो.